हाउसआर्ट्सची चिठ्ठी : नेदरलँड्समध्ये स्पेशालिस्टपर्यंत पोहोचायचं कसं

आइंडहोवनला आलो त्या पहिल्याच हिवाळ्यात माझी कंबर धरली. पुण्यात असते तर दुसऱ्या दिवशी सकाळी ऑर्थोपेडिककडे नंबर लावला असता, त्यांनी एमआरआय लिहून दिला असता आणि संध्याकाळपर्यंत फिल्म घरी आली असती. इथे मी त्याच सवयीने हॉस्पिटलला फोन लावला. पलीकडच्या बाईंनी एकच प्रश्न विचारला, "तुमच्या हाउसआर्ट्सची चिठ्ठी आहे का?" चिठ्ठी नव्हती. आम्ही तोवर कुठल्याच हाउसआर्ट्सकडे नाव नोंदवलं नव्हतं.

हाउसआर्ट्स म्हणजे इथला फॅमिली डॉक्टर. त्याच्या चिठ्ठीला डच भाषेत 'फरवाइसब्रीफ' म्हणतात. ती नसेल तर हॉस्पिटल बहुधा अपॉइंटमेंटच देत नाही, आणि दिली तरी विमा कंपनी बिल भरायला बांधील राहत नाही. आम्स्टलफेन, हेग, आइंडहोवन या भागांत नव्याने आलेली मराठी कुटुंबं पहिल्या वर्षात याच ठिकाणी अडतात. "इथले डॉक्टर पॅरासिटामॉलशिवाय काही देत नाहीत" ही तक्रार प्रत्येक गणपतीच्या जेवणाच्या पंगतीत ऐकू येते. मीही ती केली आहे. पण आता इतक्या वर्षांनी माझं मत असं झालंय की निम्मी अडचण आपल्याला या पद्धतीशी बोलायचं कसं हे माहीत नसल्याने होते. ते सांगायला कोणी भेटलं असतं तर माझे ते दोन महिने वाचले असते, म्हणून हे लिहिते आहे.

हा डॉक्टर दारात का उभा आहे

डच लोक हाउसआर्ट्सला उघडपणे 'पोर्टवाख्टर' म्हणतात, म्हणजे दारावरचा राखणदार. सहा वर्षांचं वैद्यकीय शिक्षण झाल्यावर आणखी तीन वर्षं फक्त फॅमिली मेडिसिन शिकून तो या खुर्चीत बसतो. आपल्याकडे 'नुसता एमबीबीएस' म्हणून जो सूर लागतो, तो इथे लागू होत नाही. त्याच्या संघटनेने, म्हणजे एनएचजीने, प्रत्येक नेहमीच्या आजारासाठी लेखी मार्गदर्शिका केलेल्या आहेत. कंबरदुखीत स्कॅन कधी काढायचा, ताप किती दिवस राहिला तर बाळाला बघायचं, खोकल्याला अँटिबायोटिक कधी द्यायचं, सगळं त्यात आहे. युरोपात दवाखान्यांतून सर्वांत कमी अँटिबायोटिक लिहून देणाऱ्या देशांत नेदरलँड्स आहे, त्याचं मूळ इथेच.

याच मार्गदर्शिकांवरून सामान्य माणसांसाठी 'थाउसआर्ट्स' नावाची वेबसाइट केली आहे (उच्चार 'ताउसआर्ट्स'). डच आहे, पण मोबाइलवर भाषांतर करून नीट वाचता येते. डॉक्टरकडे जाण्याआधी आपली तक्रार तिथे वाचून जा. डॉक्टर तुम्हाला काय सांगणार आहेत, हे तुम्हाला साधारण आधीच कळतं आणि मग बोलणं पुढच्या टप्प्यापासून सुरू करता येतं.

आजारी पडण्याआधी नाव नोंदवा

क्रम असा. नगरपालिकेत नोंदणी करून बीएसएन नंबर (इथला सरकारी ओळख क्रमांक) मिळवा. मग आरोग्य विमा. २००६ सालच्या कायद्याने इथे राहणाऱ्या आणि काम करणाऱ्या प्रत्येकाला मूळ विमा सक्तीचा आहे. आल्यापासून चार महिन्यांच्या आत तो घ्यावा लागतो आणि हप्ताही मागच्या तारखेपासून भरावा लागतो, म्हणून रेंगाळून पैसे वाचत नाहीत. मुलांना वयाच्या १८ वर्षांपर्यंत हप्ता नाही, पण त्यांचं नाव पॉलिसीत घालावं लागतं. नोकरी न करणाऱ्या विद्यार्थ्यांचे नियम वेगळे आहेत, त्यांनी विद्यापीठातच विचारावं.

त्यानंतर लगेच हाउसआर्ट्स शोधा. दवाखाना आपल्या पिनकोडातलेच पेशंट घेतो, कारण गरज पडली तर डॉक्टरला घरी येता आलं पाहिजे. बऱ्याच दवाखान्यांवर 'पाशेंटनस्टॉप' लिहिलेलं असतं, म्हणजे नवीन पेशंट बंद. दोन-तीन ठिकाणी नकार आला की थांबू नका, विमा कंपनीला फोन करून "हाउसआर्ट्स मिळवून द्या" असं सांगा. हे त्यांचं काम आहे आणि ते करतात. आमच्या शेजारच्या नाशिकच्या कुटुंबाला सात ठिकाणी नकार मिळाला होता, विमा कंपनीने आठवड्याभरात दवाखाना मिळवून दिला.

नोंदणीच्या फॉर्मवर एक प्रश्न असतो: तुमची माहिती रात्रीच्या दवाखान्याला आणि औषधाच्या दुकानाला बघू द्यायची का? माझा सल्ला, हो म्हणा. रात्री दोन वाजता अनोळखी डॉक्टरसमोर बसल्यावर तुमची ॲलर्जी आणि चालू गोळ्या त्याला स्क्रीनवर दिसल्या पाहिजेत. त्याच आठवड्यात जवळच्या 'अपोटेक'मध्ये, म्हणजे औषधाच्या दुकानातही नाव नोंदवा. इथे प्रिस्क्रिप्शन थेट तिकडे जातं, हातात कागद मिळत नाही.

भारतातून येताना फायलींचं बाड आणू नका. जुने आजार, ऑपरेशनं, चालू औषधांची जेनेरिक नावं आणि डोस, ॲलर्जी, मुलांचं लसीकरण एवढं इंग्रजीत एका पानावर टाइप करून द्या. ब्रँडची नावं इथे कोणाला कळत नाहीत.

फोन उचलते ती असिस्टंट

पहिली चकमक डॉक्टरशी नाही, फोनवरच्या असिस्टंटशी होते. ती विचारते, "काय होतंय?" आपल्याला वाटतं, हिला कशाला सांगायचं, डॉक्टरना सांगू. पण ती रिसेप्शनिस्ट नाही. तिला ट्रायाजचं, म्हणजे कोणाला आधी बघायचं हे ठरवण्याचं शिक्षण दिलेलं असतं आणि ती ठरावीक प्रश्न विचारून तुमची निकड ठरवते. आपण भिडेखातर "थोडं दुखतंय" म्हणतो, मग ती पुढच्या आठवड्यातली वेळ देते.

म्हणून तिला नेमकं सांगा. "कालपासून ताप आहे" याऐवजी "काल रात्री आठपासून ३९.४ सेल्सियस, पॅरासिटामॉलने उतरतो आणि चार तासांनी परत चढतो, मुलगी पाणी पिते पण सकाळपासून एकदाच शू केली". या एका वाक्यावर त्याच दिवशीची वेळ मिळते. आकडा हवा, म्हणून घरात थर्मामीटर हवाच. "अंग गरम लागतंय" याची इथे नोंद होत नाही.

दोन तक्रारी असतील तर फोनवरच "डबल अपॉइंटमेंट" मागा. एका भेटीला बहुतेक ठिकाणी दहा मिनिटं असतात, काही दवाखान्यांत पंधरा. डायबिटीस किंवा दम्याच्या नेहमीच्या तपासण्या बहुधा डॉक्टरांऐवजी दवाखान्यातल्या नर्सकडे होतात. मन ठीक नसेल तर त्यासाठीही बहुतेक दवाखान्यांत एक वेगळी व्यक्ती असते. तिच्याकडे बोलायला कमीपणा मानू नका, तिथूनच पुढे मानसोपचाराची चिठ्ठी निघते.

दहा मिनिटांची तयारी

आपली सवय अशी की डॉक्टरसमोर बसायचं आणि नाडी त्यांच्या हातात द्यायची. गावाकडचे डॉक्टरकाका तीन पिढ्यांना ओळखत असायचे, त्यांना सांगावं लागत नव्हतं. इथे तुम्ही नवीन आहात आणि घड्याळ चालू आहे. जाण्याआधी कागदावर चार ओळी लिहा: कधीपासून, किती आणि कशाने वाढतं, त्यामुळे रोजचं काय अडलंय, आतापर्यंत काय करून बघितलं. तिसरी ओळ सर्वांत महत्त्वाची. "कंबर खूप दुखते" यावर इथले डॉक्टर हलत नाहीत. "बाळाला पाळण्यातून उचलता येत नाही, रात्री दोनदा जाग येते, तीन दिवस कामावर गेले नाही" यावर पेन हातात घेतात.

आणि मनातली भीती बोलून दाखवा. माझ्या पहिल्या भेटीत मी ती दाखवली नाही आणि तिथेच चुकलं. डॉक्टरबाईंनी मला पलंगावर झोपवलं, एक एक पाय सरळ उचलून बघितला, गुडघ्यावर हातोडी मारली, पायाच्या अंगठ्याला जोर लावायला सांगितला. लघवीवर ताबा आहे का, मांड्यांच्या मध्ये बधिर वाटतं का, असं विचारलं. मग म्हणाल्या, "चालत राहा, पॅरासिटामॉल घ्या." मी घरी येऊन रडले, कारण मला वाटलं त्यांनी काही बघितलंच नाही. प्रत्यक्षात त्यांनी मणक्याची नस दबली आहे का हे दाखवणारी प्रत्येक गोष्ट त्या सहा मिनिटांत तपासली होती. मणक्याची नस दबल्याची खूण नसेल तर साध्या कंबरदुखीत स्कॅनने उपचार बदलत नाहीत, हे त्यांच्या मार्गदर्शिकेत आहे. ते त्यांनी मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. "माझ्या मावशीला कंबरदुखी म्हणून दुर्लक्ष केलं आणि मणक्याचा टीबी निघाला, मला त्याची भीती वाटते" हे मी दुसऱ्या भेटीत सांगितलं. तेव्हा बाई खुर्ची पुढे ओढून बसल्या, घाम येतो का, वजन उतरलंय का विचारलं आणि रक्ततपासणी लिहून दिली. रिपोर्ट चांगला आला, आणि माझी झोप परत आली.

घरातल्या आजारांचा इतिहास न विचारताही सांगा. वडिलांना चाळिशीत डायबिटीस, काकांना पंचेचाळिशीत हार्ट ॲटॅक, हे आपल्या घरांत इतकं नेहमीचं आहे की आपण सांगायचं विसरतो. दक्षिण आशियाई शरीराला डायबिटीस लवकर गाठतो, याची डच डॉक्टरांना कल्पना आहे, पण ती आपल्यामुळे नाही, सुरिनामहून आलेल्या लोकांमुळे. १८७३ पासून उत्तर प्रदेश-बिहारमधून दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाम या डच वसाहतीत मजुरीसाठी नेलेल्या लोकांचे वंशज १९७५च्या आसपास मोठ्या संख्येने नेदरलँड्सला आले. हेगमध्ये त्यांची मोठी वस्ती आहे. डायबिटीसच्या मार्गदर्शिकेत जोखीम असलेल्यांची साखर वयाच्या ४५ पासून तपासायला सांगितली आहे, तर या 'हिंदुस्तानी' वंशाच्या लोकांसाठी ३५ पासून. तुमच्या डॉक्टरच्या हे लक्षात आलं नाही तर तुम्ही आठवण करून द्या: "मी भारतीय वंशाची आहे, ३८ वर्षांची आहे, वडिलांना डायबिटीस आहे, माझी साखर तपासायची का?" शाकाहारी असाल तर तेही सांगा, म्हणजे बी-१२चा विचार होतो. उन्हाच्या कमतरतेमुळे सावळ्या त्वचेच्या माणसांना इथे रोज १० मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व घ्यायचा सरकारी सल्लाच आहे.

"वाट बघू" असं म्हणाले तर

हे वाक्य ऐकायला मिळणारच. त्यावर वाद घालू नका आणि मान डोलावून निघूनही येऊ नका. तिथेच तीन गोष्टी विचारा. तुम्हाला काय वाटतं, हे काय आहे आणि काय नाही? किती दिवसांत फरक पडायला हवा? कोणती लक्षणं दिसली तर त्याआधीच फोन करू? उत्तरं त्यांच्यासमोर लिहून घ्या. दोन आठवडे म्हणाले असतील तर पंधराव्या दिवशी फोन करून सांगा, "तुम्ही सांगितलेले दोन आठवडे झाले, फरक नाही." परत जाणं म्हणजे डॉक्टरवर अविश्वास दाखवणं नव्हे. ही पद्धत तुम्ही परत येणार हे गृहीत धरूनच बांधलेली आहे. आपण मात्र रागावून परत जात नाही, सुट्टीत पुण्याला जाऊन सगळ्या तपासण्या करून येतो, आणि डॉक्टरच्या फाइलमध्ये आपण बरे झालो असं राहून जातं.

दुसऱ्या-तिसऱ्या भेटीतही समाधान झालं नाही तर स्पष्ट विचारा: "काय झालं तर तुम्ही मला स्पेशालिस्टकडे पाठवाल?" आणि तरीही नाही म्हणाले, तर "माझी विनंती आणि तुमचं नाही म्हणण्याचं कारण फाइलमध्ये लिहा" असं शांतपणे सांगा. फाइल बघण्याचा आणि तिची प्रत घेण्याचा हक्क कायद्याने तुमचा आहे. त्याच दवाखान्यातल्या दुसऱ्या डॉक्टरची वेळ मागता येते. हाउसआर्ट्स बदलताही येतो, त्याला पैसे पडत नाहीत, फक्त नवीन दवाखान्याने घेतल्याशिवाय जुना सोडू नका.

भारतातले रिपोर्ट दाखवायचे तर पूर्ण गठ्ठा टेबलावर ठेवू नका. "यातला हा एक आकडा मर्यादेबाहेर आहे, तो इथे पुन्हा तपासाल का?" असा एकच प्रश्न घेऊन जा.

चिठ्ठी मिळाली, पुढे

चिठ्ठी आता कागदावर क्वचितच असते, कॉम्प्युटरवरून थेट हॉस्पिटलला जाते. डॉक्टरच्या स्क्रीनवर जवळच्या हॉस्पिटलांची वेटिंग दिसते, तेव्हा उठण्याआधी विचारा, "लवकर कुठे मिळेल?" हॉस्पिटल निवडायचा हक्क तुमचा आहे. मात्र त्या हॉस्पिटलशी तुमच्या विमा कंपनीचा करार आहे का, हे अपॉइंटमेंट घेण्याआधी कंपनीच्या साइटवर बघा. स्वस्त पॉलिसींमध्ये करार नसलेल्या ठिकाणी बिलाचा काही भाग तुमच्या खिशातून जातो.

चिठ्ठीची तारीख पहिल्या भेटीच्या आधीची असावी लागते. बहुतेक कंपन्या ती एक वर्ष धरतात. ती एका तक्रारीसाठी असते. गुडघ्याच्या चिठ्ठीवर खांदा दाखवायला गेलात तर बहुधा परत हाउसआर्ट्सकडे यावं लागेल.

वेटिंग फार असेल तर बहुतेकांना माहीत नसलेला रस्ता आहे. स्पेशालिस्टच्या पहिल्या भेटीसाठी चार आठवडे ही इथे मान्य झालेली मर्यादा आहे. त्याहून पुढची तारीख मिळाली तर विमा कंपनीला फोन करा आणि 'वाख्टटाइड-बेमिडलिंग' मागा, म्हणजे लवकरची जागा शोधून द्या. फुकट आहे. माझ्या नवऱ्याला त्वचेच्या डॉक्टरची तारीख अकरा आठवड्यांनंतरची मिळाली होती, विमा कंपनीने चाळीस मिनिटांवरच्या दुसऱ्या गावात तीन आठवड्यांनी मिळवून दिली. वाट बघताना त्रास वाढला तर हॉस्पिटलला विनवण्या करत बसू नका. हाउसआर्ट्सला कळवा, तो फोन करून तारीख अलीकडे आणू शकतो.

सेकंड ओपिनियनलाही चिठ्ठी लागते, ती हाउसआर्ट्स किंवा आताचा स्पेशालिस्ट देतो. मागताना संकोच वाटतो, पण इथे कोणी मनावर घेत नाही.

खिशाला काय पडतं

हाउसआर्ट्सची भेट पूर्ण विम्यात आहे, कितीही वेळा गेलात तरी. पण त्याने लिहून दिलेली रक्ततपासणी, औषधं आणि पुढे स्पेशालिस्ट हे सगळं 'आयखन रिसिको'मधून जातं. वर्षाकाठी पहिले इतके युरो तुमचे, मग विमा सुरू, असा तो हिशोब. २०१६ पासून २०२६ पर्यंत ही रक्कम ३८५ युरोवर आहे. हप्ता कमी व्हावा म्हणून काही जण ती आपणहून ५०० युरोंनी वाढवून ८८५ करतात. लहान मूल होण्याचा विचार असेल किंवा एखादा जुना आजार असेल तर तसं करू नका. १८ खालच्या मुलांना ही कपात नाही.

एक बारकावा: हॉस्पिटलचा खर्च ज्या वर्षी उपचाराचं खातं उघडलं त्या वर्षात धरला जातो आणि असं खातं जास्तीत जास्त १२० दिवस चालतं. तब्येतीची घाई नसेल तर डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पहिली भेट घेतल्याने दोन वर्षांची कपात लागोपाठ बसू शकते.

चिठ्ठी न लागणाऱ्या जागा

दाताच्या डॉक्टरकडे, फिजिओथेरपिस्टकडे आणि गरोदरपणात 'फरलोसकुंदिख'कडे, म्हणजे सुईणीकडे, थेट जाता येतं. ही सुईण चांगली शिकलेली असते आणि काही अडचण दिसली तर तीच स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पाठवते. मोठ्यांचे दात आणि फिजिओथेरपी मात्र मूळ विम्यात जवळजवळ नाहीत, त्यासाठी पूरक विमा घ्यावा लागतो. चार वर्षांपर्यंतच्या मुलांचं वजन, उंची, लसीकरण 'कन्सल्टासीबुरो'मध्ये होतं, तेही फुकट.

रात्री-अपरात्री

संध्याकाळी पाच ते सकाळी आठ आणि शनिवार-रविवार तुमचा दवाखाना बंद असतो. तेव्हा 'हाउसआर्ट्सनपोस्ट', म्हणजे फॅमिली डॉक्टरांचा रात्रीचा आणि सुट्टीचा दवाखाना, चालू असतो. तिथेही आधी फोन, मग जाणं. न विचारता जाऊन बसलात तर फोन करायलाच सांगतील. जिवावर बेतलं असेल, म्हणजे छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं, श्वास घेता न येणं, तर विचार न करता ११२ला फोन. हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत स्वतःहून जाणं टाळा: तिथे बिल आयखन रिसिकोतून जातं, तर हाउसआर्ट्सनपोस्टच्या डॉक्टरची भेट विम्यात असते. दिवसा तातडी असेल तर दवाखान्याच्या फोनवर 'स्पूट'चा, म्हणजे तातडीचा आकडा दाबायला सांगतात, बहुतेक ठिकाणी १. तो खरोखर लगेच उचलला जातो.

आई-बाबा भेटीला आले की

ते या विम्यात बसत नाहीत. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा लागतोच, पण त्यात आधीपासूनच्या बीपी-शुगरचं काय लिहिलंय ते तिकीट काढण्याआधी वाचा. बरं वाटेनासं झालं तर तुमच्याच हाउसआर्ट्सला फोन करून "माझ्या वडिलांना 'पासांट' म्हणून दाखवायचं आहे" असं सांगा. पासांट म्हणजे त्या दवाखान्यात नोंदणी नसलेला पाहुणा पेशंट. पैसे रोख किंवा कार्डने भरायचे, बिल आणि डॉक्टरांची नोंद इंग्रजीत मागून घ्यायची आणि भारतातल्या विमा कंपनीकडे पाठवायची. गोळ्या पूर्ण मुक्कामाच्या आणि वर पंधरा दिवसांच्या आणायला सांगा, सोबत जेनेरिक नावांचं टाइप केलेलं प्रिस्क्रिप्शन. माझे सासरे आले की त्यांची गोळ्यांची यादी, दवाखान्याचा नंबर, हाउसआर्ट्सनपोस्टचा नंबर आणि आमचा पत्ता मी मोठ्या मराठी अक्षरांत लिहून फ्रिजवर लावते. आम्ही दोघं कामावर असताना त्यांना डच रस्त्याचं नाव फोनवर सांगता यावं म्हणून पत्ता उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिलेला असतो, आणि पहिल्या दिवशी चहा पिता पिता आम्ही तो तीनदा मोठ्याने म्हणून घेतो.